गणिताला रजा द्यावी काय?

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या द्वितीय वर्षात प्राणिशास्त्राचा विद्यार्थी आहे. पुढे संशोधन करावयाचे असल्यास गणित व रसायन सोडले तर चालेल काय?

उत्तर : ज्या मेंडेलने १८६५ साली वाटाण्यावरील प्रयोगांतून आनुवंशिकतेचे नियम मांडले, त्याने तत्पूर्वी व्हिएन्ना विद्यापीठात भौतिकशास्त्र व गणित यांचे अध्ययन केले होते, हे ध्यानी घेतल्यास आपल्या शंकेचे निरसन बहुतांशी व्हावे. एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी आयआयटी जी ‘जॅम’ परीक्षा घेतात, तिच्या जैवतंत्रज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेतही गणित व रसायन हे विषय असतातच. सबब वैकल्पिक विषयांत जीवसांख्यिकी व जीवरसायन यांना अग्रक्रम द्यावा, आणि विषयनिवडीचा अर्ज दाखल करण्याची मुदत संपण्यापूर्वी, गुणपत्रके सोबत घेऊन, विभागप्रमुखांशी रूबरू मसलत करावी.