दोन सेकंदांची आंधळी कोशिंबीर

आधी एक प्रयोग करू या. ३० सेंटिमीटरची पट्टी वरच्या टोकाला धरून उभी लोंबती ठेवा. तुमच्या मित्राने खाली शून्याच्या खुणेपाशी चिमूट उघडी धरावी. न सांगता पट्टी सोडा. मित्र ती पकडील, पण तोवर ती थोडी घसरलेली असेल. समजा, २० सेंटिमीटर घसरली. अंतर = ½ × गुरुत्वीय त्वरण × (वेळ)² या सूत्रावरून वेळ सुमारे ०.२ सेकंद येतो. हा त्याचा प्रतिक्रियाकाल.

आता त्याला सतराचा पाढा उलटा म्हणायला लावा आणि पुन्हा पट्टी सोडा. ती बहुधा जास्त घसरेल, कदाचित निसटेलही. डोळे तेच, हात तेच. मग बदलले काय? लक्ष वाटले गेले!

हाच हिशेब हमरस्त्यावर नेऊ. मालट्रकचा वेग ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर आहे. धोका ओळखून पाय ब्रेकवर जाईपर्यंत १ सेकंद धरू. तेवढ्यात २० मीटर संपले. ब्रेकमुळे वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंदाने घटतो असे मानले, तर थांबायला आणखी ४० मीटर लागतात. एकूण ६० मीटर.

आता नेमक्या त्याच क्षणी चालकाने २ सेकंद फोनकडे पाहिले तर? ४० मीटर गाडी जणू डोळे बांधून धावली. पुढच्या एका सेकंदात आणखी २० मीटर. म्हणजे अडथळा ६० मीटरवर असेल, तर ब्रेकवर पाय पडतो न पडतो तोच पूर्ण वेगाने धडक! हा वेग सुमारे २० मीटर उंचीवरून, म्हणजे सहा-सात मजली इमारतीवरून पडण्याइतका आहे.

"फोन हातात नसला म्हणजे झाले ना?" असे तुम्ही विचाराल. तसे नाही. अमेरिकेतील यूटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर व सहकाऱ्यांनी सिम्युलेटरवर केलेले प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाले. हात मोकळे ठेवून फोनवर बोलणारेही उशिरा ब्रेक लावत. ज्या फलकांकडे त्यांची नजर गेली होती, तेही नंतर ओळखणे त्यांना जड गेले. डोळे पाहत होते, मन पाहत नव्हते.

आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात हातातल्या फोनचा वापर धोकादायक वाहन चालविण्याच्या गुन्ह्यात घातला गेला. पण ट्रक-बसच्या चालकाला फोन कोण करते? मालक, माल मागवणारा व्यापारी आणि पुष्कळदा घरचीच माणसे. तेव्हा फोन बंद करून खणात ठेवणे आणि ठरल्या थांब्यावर गाडी उभी करूनच बोलणे, हा नियम दोन्ही बाजूंनी पाळला पाहिजे.

तुमचे वडील वा काका चालक असतील, तर त्यांच्या थांब्यांच्या वेळा वहीत लिहून ठेवा व तेव्हाच फोन करा. चुकून मधेच फोन उचलला गेला, तर पहिला प्रश्न विचारा, "गाडी चालू आहे का?" उत्तर "हो" आले, की लगेच फोन ठेवा.

करून पाहा : वेग ताशी ५४ किलोमीटर असता वरील सर्व अंतरे किती येतील?