शिसे आणि मुलांचे अवधान

ज्या दुखण्यात ताप नसतो, पुरळ नसते, ते दुखणे म्हणून सहसा ओळखलेच जात नाही. वर्गात लक्ष न लागणे, सततची चुळबुळ, विनाकारण धास्ती यांना आपण मुलाचा स्वभाव समजतो. चेन्नईत ३ ते ७ वर्षे वयाच्या ७५६ मुलांचे रक्त तपासण्यात आले व त्यांच्या वर्तनाविषयी शिक्षकांकडून प्रश्नावल्या भरून घेण्यात आल्या. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात रक्तातील शिशाचे सरासरी प्रमाण दर डेसिलिटरला ११.४ मायक्रोग्रॅम भरले. (अमेरिकेत १९९१ मध्ये १० मायक्रोग्रॅम हे प्रमाण चिंताजनक मानले गेले, २०२१ मध्ये संदर्भमूल्य ३.५ वर आणले गेले.) ज्यांच्या रक्तात शिसे अधिक, त्यांच्यात अनवधान, धास्ती व सवंगड्यांशी न जमणे हेही अधिक आढळले.

एवढ्यावरून शिसेच कारण ठरते काय? नाही. गरीब वस्तीत शिसे अधिक असते, तसे इतर अभावही असतात. शिवाय रक्ताच्या एकाच तपासणीवरून आधी काय घडले हे कळत नाही. परंतु ऑस्ट्रेलियात पोर्ट पिरी या शिसे गाळणाऱ्या गावी मुलांचा जन्मापासून पाठपुरावा केला गेला, आणि तेथेही शिशाबरोबर बुद्ध्यांकातील घट दिसून आली. शरीर शिशाला कॅल्शियमप्रमाणे आत घेते व हाडांत साठविते. मेंदूतील संदेशवहनात ते व्यत्यय आणते.

भारतात शिसेमिश्रित पेट्रोल २००० साली बंद झाले. धुरातले शिसे थांबले. मात्र रस्त्याकडेच्या मातीत मुरलेले शिसे कुजत नाही, आणि रांगत्या मुलाचा हात मातीतून थेट तोंडाकडे जातो.