सुटलेले पोट आणि तेलाचा डबा



आमच्या नात्यातले एक गृहस्थ आहेत. जन्म १९७२ चा, म्हणजे दुष्काळाच्या सालचा. मूळ पारोळ्याकडचे. त्या वर्षी त्यांची आई गरोदर असताना दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती आणि मिलोची भाकर व सरकारी सुकडी यांवर दिवस काढत होती. पुढे हे गृहस्थ फैजपूरला आले व केळीच्या धंद्यात स्थिरावले. उंची पाच फूट पाच इंच, वजन ६१ किलो, हातपाय बारीक. त्यांना कोणी जाडे म्हटले नसते. पोट तेवढे पुढे आले होते, पण चाळिशीनंतर ते येणारच, असे सगळेच म्हणत. मागच्या वर्षी पायाला इळा लागला आणि दीड महिना जखम भरेना, तेव्हा रक्त तपासले. साखर तीनशेच्या वर निघाली. वहिनी आम्हाला विचारू लागल्या, "भाऊ, शुगर तर जाड माणसाला होते ना? मग ह्यांना कशी झाली?"

वहिनींचा प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर शोधताना आम्हाला कळले की लठ्ठपणा ओळखण्यातच आपण चुकत आलो आहोत.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या प्रश्नावर अनेक वर्षे काम केले आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला होता. वजन किलोत घ्यायचे आणि त्याला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे, म्हणजे जो आकडा येतो त्याला बीएमआय म्हणतात. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. कागदावर दोघेही सडपातळ. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला बारीक, पण आतून चरबीचा, असा आपला भारतीय बांधा आहे. आमच्या नातेवाइकांचा बीएमआयही साधारण तेवढाच येतो. शिंप्याच्या टेपने कंबर मोजली तर ती ३६ इंच भरली.

ही चरबी येते कोठून? याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर माता आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास केला. तेथील बाळांचे जन्माचे वजन सरासरी २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउथहॅम्पटनच्या बाळांचे साडेतीन किलो. आपली बाळे लहान, त्यांच्या अंगात स्नायू कमी. पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. आईच्या पोटात अन्न कमी पडले की शरीर जणू पुढच्या दुष्काळाची तयारी करूनच जन्माला येते. पुढे दुष्काळ आला नाही, उलट सुबत्ता आली, की तीच तयारी अंगाशी येते. याच अभ्यासात असेही दिसले की ज्या माता पालेभाज्या, दूध आणि फळे जास्त खात होत्या, त्यांची बाळे अधिक भरलेली होती. म्हणून लठ्ठपणावरचा पहिला इलाज गरोदर सुनेच्या ताटात आहे असे आम्हाला वाटते. आपल्याकडे अजूनही पुष्कळ घरांत सून सर्वांत शेवटी जेवते आणि उरलेले खाते. ही रीत बदलायला पैसा लागत नाही.

आपल्या गावाने हा सगळा बदल पाहिला आहे. डिसेंबर १९३६ मध्ये पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन फैजपूरला भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. तेव्हा गांधीजींच्या आग्रहाने ग्रामोद्योगांचे प्रदर्शन मांडले होते. हातसडीचा तांदूळ आणि घाणीचे तेल यांचा पुरस्कार त्या काळी गरिबाला पोटभर कसदार अन्न आणि हाताला काम मिळावे म्हणून होत असे. आज त्याच गावात डॉक्टर आपल्याला कमी खा असे सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे पाहा. देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये प्रमाणाबाहेर वजन असणाऱ्या २००५-०६ मध्ये १२.६ टक्के होत्या. २०१९-२१ मध्ये त्या २४ टक्के झाल्या. पुरुष ९.३ टक्क्यांवरून २२.९ टक्क्यांवर गेले. पंधरा वर्षांत स्त्रिया जवळजवळ दुप्पट, पुरुष दुपटीहून जास्त.

आता आपल्या मळ्यांकडे या. पूर्वी केळीला पाणी द्यायचे म्हणजे रात्रभर फावडे घेऊन बारे फोडत फिरावे लागे. मळ्यापर्यंत पायी जायचे, घड डोक्यावरून बांधापर्यंत आणायचे. आता ठिबक आहे. कॉक फिरवला की पाणी चालू, आणि कॉकपर्यंत मोटारसायकल जाते. घरात मिक्सर आला, कपडे धुण्याचे यंत्र आले, पिठाची गिरणी दाराशी आली. कष्ट वाचले हे चांगलेच झाले. उखळ-जाते परत आणा असे आम्ही म्हणणार नाही, विशेषतः ज्यांना दळावे लागत नव्हते त्या पुरुषांनी तर ते म्हणूच नये! पण कष्ट गेले आणि ताट तेच राहिले. खरे तर तेही राहिले नाही. कळण्याच्या भाकरीची जागा पोळीने घेतली. ज्वारीत आणि गव्हात कॅलरी जवळपास सारख्याच असतात, पण कळण्याच्या दोन भाकरींनी पोट भरते आणि भूक लवकर लागत नाही. पोळ्या मात्र मऊ असल्याने पाच कधी झाल्या ते समजत नाही.

आमच्याकडे नेहमी विचारतात, केळ्याने वजन वाढते काय? केळीच्या गावात हा प्रश्न येणारच. एका मध्यम केळ्यात साधारण १०० कॅलरी असतात. ते भुकेच्या वेळी खाल्ले, जेवणावर जेवण म्हणून नाही, तर केळ्याला दोष देण्याचे कारण नाही. मधुमेह असलेल्यांनी मात्र किती खावे ते डॉक्टरांना विचारावे. दोष आहे तो रस्त्याच्या कडेला कढईत तळल्या जाणाऱ्या वेफर्समध्ये. १०० ग्रॅम केळी वेफर्समध्ये पाचशेच्या वर कॅलरी असतात. पाहुणा आला की एक पुडा फुटतो, गप्पांत संपतो, आणि नंतर जेवण ठरलेलेच.

आणि तेल. खानदेशी माणसाला रश्श्यावर तर्री दिसली नाही तर भाजी झाली असे वाटत नाही. शेवभाजीत शेव तळलेली आणि रस्साही तेलाचा. वरण-बट्टीत बट्टी तळून घेतलेली. हिवाळ्यात शेतातले भरीत तर पाहा: वांगी पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजली, बडजीत ठेचली, इथवर सर्व उत्तम. मग त्यावर तेलाची धार आणि सोबत पुऱ्या. आम्हाला भरीत सोडा असे सांगायचे नाही, सांगितले तरी कोणी ऐकणार नाही, आम्हीही नाही. भरीत कळण्याच्या भाकरीबरोबर खाल्ले तर चव वाढतेच.

माणशी वर्षाला साधारण १२ किलो तेल पुरे, असे आपल्याकडील पोषणतज्ज्ञ सांगतात. देशातील सरासरी १९ किलोच्या वर गेली आहे. आम्ही आमच्या घरचा हिशोब केला. पाच माणसे, १५ किलोचा डबा, आणि तो ४५ दिवसांत संपत होता. म्हणजे माणशी रोज सुमारे ६७ ग्रॅम, सुमारे ६०० कॅलरी नुसत्या तेलाच्या. बाहेरचे फरसाण, समोसा, लग्नाचे जेवण वेगळेच. १२ किलोच्या हिशोबाने पाच माणसांना हा डबा तीन महिने पुरायला हवा. हिशोब मांडला तेव्हा घरात कोणी बोलेना. आमच्या मातोश्री म्हणाल्या, "मी तर हात राखूनच घालते." त्या खोटे बोलत नव्हत्या. डब्यातून थेट ओतले की कोणाचाही हात राखला जात नाही. मग आम्ही आठवड्याचे तेल मोजून एका बरणीत काढू लागलो आणि फोडणीला चमचा ठेवला. पहिले पंधरा दिवस कुरकुर झाली. नंतर जिभेला सवय झाली.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट दिसते. अन्न टाकू नये म्हणून पातेल्यात उरलेला भात, मुलांच्या ताटातली अर्धी पोळी त्या खाऊन टाकतात. अन्नाचा मान राखला पाहिजे हे खरे, पण आईच्या पोटाला उरल्यासुरल्याचे कोठार करण्यापेक्षा पातेले थोडे लहान चढवावे. मुलांचे तर काय सांगावे! रडले की पाच रुपयांचा पुडा आणि हातात मोबाईल.

मग करावे काय? प्रथम टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, कपड्यावरून नव्हे, मोजा. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी. जास्त भरली तर वजन कितीही असो, साखर व रक्तदाब तपासून घ्या. वजनाच्या बाबतीतही आपल्याकडे बीएमआय २३ झाला की सावध व्हावे असे मानतात.

चालणे आवश्यक आहे, पण चालण्यावर सगळी भिस्त ठेवू नका. अर्धा तास झपाझप चालले तरी दीडशेच्या आसपास कॅलरी खर्च होतात. वाटेत कचोरी खाल्ली तर हिशोब उलटा. वजन उतरते ते मुख्यतः ताटातून. तरीही चाला, कारण त्याचा फायदा काट्यावर दिसत नसला तरी आत होतो. मद्रासचे, म्हणजे आताच्या चेन्नईचे, डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांना आहार व चालण्याचा सल्ला देऊन तीन वर्षे पाहिले. २००६ मध्ये निष्कर्ष आले: मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला, आणि त्या लोकांचे वजन तर फारसे उतरलेही नव्हते. महिनाभर चालून काटा हलला नाही म्हणून बूट कोपऱ्यात टाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. आपल्याकडचा उन्हाळा पाहता पहाटे किंवा रात्री जेवणानंतर चालणे बरे.

वजन उतरवणारी पावडर, चूर्ण, पट्टा यांच्या जाहिरातींना भुलू नये. २०२५ पासून आपल्या देशात वजनासाठीची नवी इंजेक्शने मिळू लागली आहेत. ती खरी औषधे आहेत आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घ्यायची नाहीत.

एक विनंती. कोणाच्या जाडेपणावर त्याच्या तोंडावर विनोद करू नका. लग्नघरात एका मुलीला "आता जेवण कमी कर, नाहीतर स्थळ येणार नाही" असे बोललेले आम्ही ऐकले. ती ताटावरून उठली. घरी जाऊन तिने काय खाल्ले असेल ते कोणी पाहिले?

आमचे नातेवाईक आता बरे आहेत. जखम भरली, गोळ्या चालू आहेत, कंबर दोन इंच उतरली. मळ्यात जाताना गाडी गावाबाहेरच्या वळणावर लावतात आणि पुढे पायी जातात. वहिनींनी त्यांच्याकडच्या डब्यावर उघडल्याची तारीख खडूने लिहिली आहे. आमच्याकडचा मागचा डबा ७४ दिवस पुरला. अजून सोळा दिवस कमी पडतात.