कानातली हाडे आणि जबड्याचे नाते

आपल्या शरीरातले सर्वांत लहान हाड कानात असते. त्याचे नाव रिकीब. आकार जेमतेम तीन मिलिमीटर. हातोडी आणि ऐरण ही तिची दोन भावंडे. पडद्याला बसलेला आवाजाचा हादरा ही तिघे मिळून आतल्या कानापर्यंत पोहोचवतात.

ही हाडे येतात कोठून? गर्भ चार आठवड्यांचा असताना त्याच्या गळ्याशी दोन्ही बाजूंना कमानीसारखे उंचवटे दिसू लागतात. माशांत अशाच कमानींपासून कल्ले बनतात. माणसात पहिल्या कमानीतून खालचा जबडा, हातोडी व ऐरण, तर दुसरीतून रिकिबीचा बहुतेक भाग तयार होतो. १८३७ साली रायखर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने डुकराच्या गर्भांचा अभ्यास करून हे नाते दाखवून दिले. बाहेरचा कानही याच दोन कमानींवरील सहा गाठींपासून घडतो. आतला कान मात्र स्वतंत्रपणे तयार होतो.

याचा आपल्याला उपयोग काय? बाळाचा बाहेरचा कान अर्धवट असेल किंवा हनुवटी फारच लहान असेल, तर आतल्या हाडांतही दोष असू शकतो. अशा वेळी थाळी वाजवून परीक्षा करू नये. मोठ्या आवाजाला बाळ दचकते, पण साधे बोलणे त्याला नीट ऐकू येत नसते. झोपलेल्या बाळाची ‘बेरा’ तपासणी करतात. ती दुखत नाही. दुसरा कान चांगला दिसला तरी तोही तपासावा. तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू झाले, तर मूल वेळेवर बोलायला शिकते. आतला कान बहुधा शाबूत असल्याने कवटीच्या हाडावाटे आवाज पोहोचवणारे यंत्र तान्ह्या बाळालाही पट्ट्याने लावता येते. वाकोल्याच्या वाचकांना वांद्रे रेक्लमेशन येथील, १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था जवळ आहे. इतरांनी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

शेवटी एक महत्त्वाचे. असे मूल जन्मले की ‘ग्रहणात भाजी चिरली असेल’ म्हणून सुनेला बोल लावला जातो. या कमानी दिसू लागतात तेव्हा दिवस गेल्याचे तिला नुकतेच कुठे कळलेले असते. ग्रहणाचा आणि कानाचा काहीही संबंध नाही. सुनेला दोष देण्यात दिवस घालवू नका. बाळाचा कान तपासून घ्या.