कुकी म्हणजे काय?

मोर्शीच्या सरकारी दवाखान्यात आपण जातो. खिडकीवर नंबराची चिठ्ठी मिळते. पुढच्या खेपेला ती दाखवली, की जुना कागद सापडतो.

इंटरनेटवरचे संकेतस्थळ पान दाखवते आणि आपल्याला विसरते. म्हणून ते आपल्या फोनात बारीकशी चिठ्ठी ठेवते. तीच कुकी. १९९४ साली लू माँटुली यांनी ही युक्ती काढली. तिच्यामुळे पासवर्ड पुन्हापुन्हा लिहावा लागत नाही. सोय मोठीच!

पण जाहिरातवालेही चिठ्ठ्या ठेवतात. संत्र्यावर फवारायचा पंप आपण एकदा पाहतो. मग तोच पंप जिथेतिथे दिसतो. हा मागे कसा लागला बाप्पा? चिठ्ठीमुळे! तिथे ‘नाकारा’ म्हणावे.

दुसऱ्याच्या संगणकावर आपण ईमेल उघडला, तर चिठ्ठी तिथेच राहते. मागून बसणाऱ्याला आपली पत्रे उघडी सापडतील. उठण्यापूर्वी ‘लॉग आउट’ दाबावे.