वारीच्या वाटेवरील पडशी

श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीस आळंदीहून प्रस्थान ठेवते आणि आषाढ शुद्ध दशमीस पंढरपुरी पोहोचते. सुमारे २५० किलोमीटरची ही वाटचाल ऊन, पाऊस आणि चिखल यांतून होते. श्रद्धा मनाला बळ देते. देहाची काळजी मात्र वारकऱ्याने स्वतःच घ्यावयाची असते.

दिंडीचे सामान ट्रकमधून पुढील मुक्कामी जाते. त्यामुळे वाटेत भोवळ आली, पाय फुटला अथवा चुकामूक झाली, तर ट्रकमधील वळकटी उपयोगी पडत नाही. खांद्यावरील पडशीत जे असेल तेच कामी येते. म्हणून सामानाचे दोन भाग करावेत. ज्याची गरज मुक्कामी लागेल ते ट्रकमध्ये आणि ज्यावाचून वाटेत जिवावर बेतेल ते पडशीत, हा नियम ठेवावा.

पडशीत पुढील वस्तू असाव्यात :

१) पाणी : एक लिटरची बाटली. विहीर-टाकीचे पाणी घेतल्यास क्लोरीनची गोळी वेष्टनावरील सूचनेप्रमाणे टाकून अर्धा तास थांबावे. जलसंजीवनीची (ओ.आर.एस.) दोन-तीन पाकिटे ठेवावीत व पाकिटावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात ती विरघळवावीत. पाकीट नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर व अर्धा लहान चमचा मीठ घालावे. मीठ अधिक झाल्यास अपाय होतो.

२) नित्याची औषधे : मधुमेह, रक्तदाब वा हृदयविकार असणाऱ्यांनी किमान दोन दिवसांची औषधे वैद्याच्या चिठ्ठीसह अंगावर बाळगावीत. पुणे ते सासवड हा दिवे घाटाचा दीर्घ टप्पा बहुधा एकादशीस येतो. त्या दिवशी मधुमेही भाविकांनी उपवासाविषयी आधीच वैद्याचा सल्ला घ्यावा व साखर जवळ ठेवावी. घाम सुटून हातपाय थरथरू लागल्यास साखर त्वरित खावी.

३) पायांची निगा : स्वच्छ पट्टी, चिकटपट्टी, जंतुनाशक मलम, खोबरेल तेल आणि सुती मोज्यांचा एक कोरडा जोड. फोड फोडू नये, झाकून ठेवावा. मधुमेहात पायाची जाणीव मंदावते; अशा वारकऱ्याने दर विसाव्यास तळवा डोळ्यांनी पाहावा. नवी पादत्राणे घालून वारीस निघू नये.

४) ओळखपत्र : नाव, गाव, आप्तांचा दूरध्वनी, रक्तगट, आजार आणि दिंडीचा क्रमांक कागदावर लिहून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावा. क्रमांक रथापुढील की रथामागील, हेही लिहावे. अन्यथा चुकलेला वारकरी भलत्याच दिंडीत पोहोचवला जातो. केवळ मोबाइलवर विसंबू नये, कारण तो भिजतो आणि त्याची बॅटरी संपते.

५) इतर : प्लॅस्टिकचा कागद, डोक्यास उपरणे, लहान विजेरी, शिट्टी आणि मूठभर गूळ-शेंगदाणे. टाळमृदंगाच्या गजरात हाक ऐकू जात नाही. थांबून थांबून तीनदा वाजविलेली शिट्टी लक्ष वेधते.

जड भांडी, जादा कपडे व दागिने पडशीत नकोत. पडशीचे वजन पाण्यासह तीन किलोच्या आत असावे. प्रस्थानापूर्वी तीच पडशी खांद्यावर घेऊन गावाकडे पाच-सहा किलोमीटर चालून पाहावे. जे खुपते, भिजते वा हाताशी लागत नाही, ते तेथेच कळते व बदलता येते.

छातीत दुखणे, बोलणे अडखळणे किंवा उन्हाने भ्रम होणे, यांपैकी काहीही झाल्यास वारकऱ्यास सावलीत थांबवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वाटचाल पुरी करण्याच्या हट्टाने दुखणे लपवू नये. एक टप्पा वाहनाने गेल्यास वारी उणी होत नाही. वारकरी सुखरूप घरी परतला, तरच पुढील वर्षी पुन्हा माउलींच्या सोबतीला निघेल.

॥ रामकृष्णहरी ॥