जी बरी झाली, तिचं ऐका!

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे मराठीच्या चुका सांभाळून घ्या.

आमच्या विंगमधली एक मैत्रीण महिनाभर खोकत होती. विचारलं की 'ॲलर्जी आहे गं' म्हणायची. शेवटी टीबी निघाला. आईने फोनवर बजावलं, 'कुणाला सांगू नकोस, उद्या लग्नाला अडचण येईल.' मेसच्या बाहेर टीबीचं पोस्टर वर्षभर लटकत होतं, पण ते आम्ही कुणीच वाचलं नव्हतं! मग जनजागृती होते तरी कशाने?

जगातल्या टीबी रुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. हा आकडा वाचून आपण पान उलटतो. पण अमिताभ बच्चन यांनी २०१४ मध्ये मुंबई महापालिकेच्या मोहिमेत 'मलाही टीबी झाला होता' असं सांगितलं, तेव्हा लोकांनी ऐकलं. त्यांना २००० साली मणक्याचा टीबी झाला होता.

दुसरं उदाहरण मुंबईच्या पत्रकार नंदिता व्यंकटेशन यांचं. टीबीच्या इंजेक्शनच्या दुष्परिणामाने २०१३ मध्ये त्यांची श्रवणशक्ती गेली. दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांचंही तसंच झालं. बेडाक्विलिन या गोळीच्या पेटंटची मुदत वाढू नये म्हणून दोघींनी २०१९ मध्ये हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. म्हणजे अनुभव सांगण्याने नुसती सहानुभूती मिळते असं नाही, औषध स्वस्त व्हायचा रस्ताही मोकळा होतो.

यातून मी तीन गोष्टी शिकले.

१. अनुभवासोबत माहिती हवीच. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर तपासणी करा. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. साध्या टीबीचा कोर्स सहसा सहा महिन्यांचा असतो. तो मध्येच सोडला तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

२. फक्त 'मी जिंकले' एवढंच नको. मळमळ, थकवा, रडू येणं हेही सांगावं. नाहीतर ज्याला त्रास होतो त्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकतंय, आणि तो गोळ्या बंद करतो.

३. सांगायचं की नाही, हे त्या व्यक्तीने ठरवायचं. पोस्टरसाठी कुणावर जबरदस्ती नको.

मैत्रिणीचा कोर्स आता पूर्ण झालाय. हा लेख तिला आधी वाचायला दिला. ती म्हणाली, 'छाप. नाव मात्र नको, अजून घरी हिंमत होत नाही.' म्हणून नाव दिलेलं नाही. पण तुमच्या रूममध्ये कुणी खोकत असेल, तर आज विचारा.